गारांनी पाडलेल्या भोरड्या

शिक्र्यानं ती भोरडी माझ्या डोळ्यांदेखत धरली. मी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होते. परसातल्या काटेसावरीवर तीन-चारशे भोरड्यांचा कलकलाट चालला होता. लाल फुलांत डोकी खुपसायची, शेजारणीला ढुसणी द्यायची, पुन्हा भांडायचं. एकाएकी सगळा आवाज बंद पडला. शिक्रा भिंतीच्या अंगानं खालून आला, एक फांदी हलली आणि थवा धुरासारखा वर उठला. तो मात्र न्हाणीच्या दगडावर उतरून पायाखालच्या पाखराची गुलाबी पिसं उपटायला लागला. पाखरू अजून जिवंत होतं. त्याची चोच उघडत होती आणि मिटत होती.

"बघ आक्का, देवानं माझ्या बाजूनं पण एकजण धाडलाय," माझ्या मागून अंकुश म्हणाला. "पण एकट्यानं काय व्हतंय?"

अंकुश माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि मी अकरा, म्हणजे त्याला मीच वाढवलं असं म्हणायला हरकत नाही. पुढं माझं लग्न झालं, मोडलं आणि मी माहेरी परत आले. तेव्हापासून त्याच्याच घरात, त्याच्याच चुलीपुढं होते. त्या वर्षी तो बत्तिसाचा होता. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. तासगावच्या पूर्वेला आमची द्राक्षाची बाग आणि घराला लागूनच बेदाण्याची शेड. फाल्गुनात शेडमध्ये जाळ्यांच्या मजल्यांवर द्राक्षं वाळत घातलेली असायची, आणि नेमक्या त्याच दिवसांत भोरड्या परतीच्या वाटेला लागायच्या. जाण्याआधी पोटं भरून घ्यायच्या. सकाळी माझ्या सावरीवर फुलांतलं पाणी प्यायच्या आणि दुपारी अंकुशच्या शेडमध्ये फाटक्या जाळीतून शिरायच्या.

त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

"काय करतोस?"

"झाडच ठेवत न्हाय. बसायला जागा नसली की येतील कशाला?"

"तोड की. मग उद्यापासून भाकरी पण तूच थाप."

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दोन घाव घातले. सावरीचं लाकूड कापसाच्या जातीचं, कुऱ्हाड आत रुतून बसली. फुलं खाली पडली. मी उठले आणि लसणाचं ताट त्याच्या पाठीत हाणलं. रागात मला भान कधीच नसायचं, आणि त्यालाही नसायचं. आमच्या घरात ते वारशानंच आलं होतं. त्यानं कुऱ्हाड उपसली, माझ्याकडं वळला, आणि एवढ्या जोरानं भिंतीवर फेकली की दगडाची कपची उडाली.

"कधी जाणार ही रांडंची?" तो ओरडला.

"पाडव्याला आठ दिवस राहिलेत. पाडव्यानंतर चार दिवसांच्या वर कधी थांबल्या नाहीत. अकरा वर्षांची कॅलेंडरं ठेवलीत मी, बघ हवं तर."

हे खरं होतं. भोरड्या कधी आल्या, कधी रंग चढला, कधी गेल्या, सगळं मी कॅलेंडरवर लिहून ठेवायची. गावात त्यावरून माझी टिंगल व्हायची. नवरा टाकलेल्या बाईला पाखरांचा लळा लागला, असं बायका म्हणायच्या. खरं तर नवऱ्यानं मला टाकलं नव्हतं, पण लोकांची तोंडं कोण धरणार?

"आठ दिवस," अंकुश म्हणाला. "आठ दिवसांत देठ उरतील देठ."

त्याच दिवशी तिन्हीसांजेला वारं सुटलं. बेदाणेवाल्याला फाल्गुनातलं आभाळ म्हणजे साक्षात यम. अंकुश शेडकडं धावला, पाठोपाठ मी. शेडमागं ओढ्याच्या काठाला जतकडची चार कुटुंबं झोपड्या घालून राहिली होती, तीही सगळी धावून आली. ताडपत्र्या ओढता ओढता गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या गारा, जेमतेम पाच मिनिटं. पण तेवढ्यात बिराप्पाच्या हातून एका ताडपत्रीचा दोर सुटला आणि एक बाजू उघडी पडली. बिराप्पा म्हणजे मजुरांतला सगळ्यांत वयस्क माणूस, पन्नाशीचा, कधी कुणाला वर मान करून न बोलणारा. दोरानं त्याच्या तळहाताची सालं गेली होती. अंकुशनं जाऊन त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो चिखलात गुडघ्यावर बसला. त्याची बायको मायाक्का शेजारीच उभी होती. तिनं खाली वाकून दोर उचलला.

"म्हाताऱ्या माणसाला मारतोस?" घरी आल्यावर मी म्हणाले.

"माल भिजला असता म्हंजे? गप ऱ्हा आक्का. माझं डोकं ठिकाणावर न्हाय."

ते ठिकाणावर नव्हतंच. पण किती नव्हतं, ते मला सकाळी कळलं.

सकाळी मी चहाचा कप घेऊन मागचं दार उघडलं. उन्हं नुकतीच सावरीच्या शेंड्याला लागली होती. झाडाखाली तीन पराती मांडल्या होत्या, त्यांत द्राक्षं. भोवती भोरड्या पडलेल्या. काही पडून गेलेल्या, काही पडत असलेल्या. एक पाखरू फांदीवर बसल्या बसल्या कलंडलं, पंख पसरले, ते सावरता येईनात, आणि माझ्यापासून दोन हातांवर ते मातीत आपटलं. पाय ताठ करून गोल गोल फिरत राहिलं. चोचीतून पाणी गळत होतं. न्हाणीत, तुळशीच्या कट्ट्यावर, पाण्याच्या टाकीत, जिथं पाहावं तिथं तेच. काळी डोकी आणि गुलाबी पाठी, ऐन रंगात आलेल्या. पंखांची ती फडफड कुणीतरी सुपानं पाखडत बसावं तशी ऐकू येत होती.

अंकुश तोंडाला फडकं बांधून उभा होता.

"आत हो आक्का. हात लावू नको कशाला."

"काय घातलंस?"

"बागेवर मारायची जुनी पावडर हुती डब्यात. गप हो आता. आठ दिवसांचं काम एका सकाळीत झालं."

माझ्या हातातला गरम चहा मी त्याच्या तोंडावर फेकला. त्यानं फडक्यानं तोंड पुसलं आणि माझा दंड धरून मला भिंतीवर ढकललं. माझ्या डोक्यातून रक्त आलं. मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि लहानपणी बसायचा तसा रडायला लागला. मी काय करावं? त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तेवढं झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून पाखरं गोळा केली, हाताला पिशव्या बांधून. दोन पोती भरली. त्यानं परसाच्या कोपऱ्यात खड्डा घेतला आणि पोती पुरली. पराती जाळात घातल्या.

आमच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. ज्या पाखरांनी पोटभर खाल्लं ती झाडाखाली पडली. ज्यांनी दोन-चार मणीच खाल्ले, ती उडाली.

दहाच्या सुमाराला मी रक्ताचं लुगडं वाळत घालायला परसाच्या कुंपणाशी गेले. तिथून ओढ्यापलीकडच्या झोपड्या दिसतात, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या जवळ. रोज त्या वेळेला तिथं चिटपाखरू नसायचं, सगळी कामावर. पण आदल्या दिवशीच्या गारांनी शेडच्या ताडपत्र्या अजून ओल्या होत्या, म्हणून काम बंद होतं. चार झोपड्यांपुढं चार चुली पेटलेल्या. बायका वाटण वाटत होत्या. बिराप्पा दगडावर बसून पिसं उपटत होता, आणि त्याच्या पायांशी गुलाबी पिसांचा ढीग पडला होता.

आमच्याकडं गारांचा मारा झाला की दुसऱ्या दिवशी माळावर पाखरं मरून पडलेली सापडतात. होले, चिमण्या, कधी मोरसुद्धा. गरिबाघरी ती उचलून आणतात आणि शिजवतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पाखरू कुणी मारलेलं नाही, देवानं पाडलेलं आहे. संध्याकाळी गारा झाल्या होत्या, सकाळी ओढ्याकाठी भोरड्या पडलेल्या. त्यांनी दुसरं काय समजायचं?

मी खड्ड्यावर माती लोटणाऱ्या अंकुशला ओढत कुंपणापाशी आणलं. त्यानं पाहिलं. त्याची पाचावर धारण बसली.

"जाऊन सांग त्यांना," मी म्हणाले.

"काय सांगू? मी इख घातलं म्हणून? काल त्याला मारलाय मी सगळ्यांदेखत. फौजदारापुढं काय म्हणतील? मुद्दाम घातलं म्हणतील."

"मग मी सांगते."

त्यानं माझं मनगट धरलं. "आक्का, थांब. शिजलं की इखाचा जोर जातो. आन त्या पाखरांनी खाल्लं किती, दोन मणी. एवढ्याशा पाखरात काय ऱ्हातंय? पोटात दुखंल, उलटी हुईल, संपलं."

"अंकुश, पोरं आहेत त्यांची."

"माझं पण यायचंय की पोर!" त्याचा आवाज फुटला. "तुझ्या नवऱ्याचा पाय मी मोडला तवा तू काय सांगितलंस फौजदाराला? माळ्यावरनं पडला म्हणालीस. सतरा वर्षांचा हुतो मी. तुझ्यासाठी गेलो हुतो काठी घेऊन. तवा खोटं बोललीस, आता खरं बोलायची उबळ आली व्हय?"

मी मनगटाला हिसडा दिला आणि पळाले.

मी झोपड्यांजवळ पोचले तेव्हा भगुण्यांत रस्सा उकळत होता. येसराच्या मसाल्याचा वास सुटला होता. पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसली होती आणि ताटल्या वाजवत होती. पाखरू बाप्यांनी शिजवायचं आणि शिजवणाऱ्यानं आधी एखादं निखाऱ्यावर भाजून मिठाबरोबर खायचं, अशी त्यांची रीत. बिराप्पाच्या बोटांना राख लागलेली होती आणि तो ओठ पुसत होता.

"मायाक्का, खाऊ नका ते," मी धापा टाकत म्हणाले. "रोगी पाखरं आहेत ती."

मायाक्कानं माझ्याकडं पाहिलं आणि ती हसली. वाईट हसली नाही, लहान मुलाला समजावताना हसतात तशी हसली.

"आक्का, झाड सुनं झालं म्हणून जीव तुटतोय तुमचा, व्हय? आमी न्हाय मारली बाई. गारांनी पडल्यात. देवानं दिलेलं मातीत घालायचं का?"

"मायाक्का, ऐक माझं. टाकून द्या."

"दोन महिनं झालं चटणी-भाकर खाऊन. पोरांच्या तोंडचं टाकू? तुमचा लळा तुमच्या घरी ठेवा आक्का."

माझं काय चुकलं होतं ते मला तिथं कळलं. अकरा वर्षं मी त्या पाखरांसाठी हळहळले होते, आणि आता मी काहीही बोलले तरी ते पाखरांसाठीच बोलतेय असं लोकांना वाटणार होतं. एका पोरीच्या ताटलीत रस्सा पडला. मी ती ताटली लाथेनं उडवली. मग पहिलं भगुणं उडवलं.

उकळता रस्सा माझ्या पायावर सांडला. त्याची आग मला रात्री जाणवली, तेव्हा जाणवली नाही. कुणीतरी किंचाळलं. मी दुसऱ्या चुलीकडं गेले आणि चुलीचे दगडच पाडले. बिराप्पानं जळतं लाकूड उचललं आणि माझ्या खांद्यावर घातलं. काल मार खाऊन खाली बसलेला तो माणूस, त्याच्या हातात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं. माझं पोलकं पेटलं. मायाक्कानं माझा बुचडा धरून मला खाली ओढलं आणि चेहरा मातीत दाबला; पोलकं तिथंच मातीत विझलं. मी तिच्या मनगटाला चावले, तोंडात रक्ताची चव येईस्तोवर चावले. ती सुटली तशी उठले आणि तिसरं भगुणं हातांनीच उपडं केलं. हाताची कातडी भगुण्याला चिकटून राहिली.

चौथं भगुणं मायाक्काचं होतं. ती त्याच्यापुढं हात पसरून उभी राहिली. तिच्या मागं तिची दोन नातवंडं.

"ह्याला हात लावला तर जीव घीन," ती म्हणाली. "गरिबाच्या पोटावर पाय देता व्हय?"

"विष आहे त्यात!" मी ओरडले. "माझ्या भावानं घातलंय! गारा नाहीत, विष!"

सगळं थांबलं. मायाक्कानं भगुण्याकडं पाहिलं आणि मग नवऱ्याकडं. बिराप्पाच्या हातातलं लाकूड खाली पडलं होतं. तो हळूच दगडावर बसला, जणू पाय दुखतायत म्हणून. त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मग हात थरथरायला लागले, आणि मी सकाळभर पाखरांना पाहिलं होतं तसंच सगळं त्याला व्हायला लागलं. डोळे मात्र त्याचे आमच्याकडंच होते.

अंकुश बांधावर उभा होता. तो पळाला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. लोक त्याच्यावर तुटून पडले. काठ्या, दगड, चुलीतली लाकडं, पाट्याचा वरवंटा. त्याचे पुढचे दात गेले, गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याला मार बसत होता तो आवाज मी ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. माझ्या हातांनी न्हाऊ-माखू घातलेलं ते अंग. सगळं त्याच्या पाठीवर पडत होतं आणि मला बरं वाटत होतं. मग मला ट्रॅक्टरची आठवण झाली.

"त्याला मारून टाकलंत तर दवाखान्यात कोण नेणार?" मी मध्ये घुसले. "ट्रॅक्टर फक्त त्यालाच चालवता येतो!"

अंकुशनं एका हातानं ट्रॅक्टर चालवला. ट्रॉलीत बिराप्पाचं डोकं मायाक्काच्या मांडीवर होतं आणि मी त्याचे पाय धरून बसले होते, कारण ते झटके द्यायचे. तासगावच्या अलीकडं झटके थांबले. मायाक्का त्याच्या तोंडावरून पदर फिरवत राहिली. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. पोरांनाही ट्रॉलीतून आणलं होतं, त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. एकाही पोराच्या पोटात काही गेलेलं नव्हतं.

खटला सांगलीला चालला. अंकुशनं काही लपवलं नाही. पावडर कुठून आली, कधी मिसळली, आदल्या दिवशी बिराप्पाला का मारलं, सगळं सांगितलं. वकील डोक्याला हात लावून बसला. माझ्याविषयी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आक्काला काय ठावं नव्हतं. ती घरात हुती. मी तिला कुंपणापाशी बोलावून सांगितलं आन त्याच पावली ती धावत सुटली." हे सांगताना त्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर तो माझ्याशी बोलला, पण त्या दिवसाबद्दल कधीच नाही. गेल्या वर्षी तो वारला. मायाक्का त्याच्या आधीच गेली. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

वर मी लिहिलं की मनगटाला हिसडा दिला आणि पळाले. हिसडा दिला हे खरं. पण पळाले ती झोपड्यांकडं नाही, घरात. मागचं दार लावून घेतलं. काटवटीत पीठ घेतलं आणि मळायला बसले. शिजल्यावर विषाचा जोर जातो, असं अंकुश म्हणाला होता. ते खरं नाही हे मला कळत होतं, पण मला ते खरं वाटून घ्यायचं होतं. भावाचं घर होतं, त्याला मूल होणार होतं, आणि मला दुसरीकडं कुठं जायला जागा नव्हती. एक भाकरी थापली, भाजली. दुसरी थापली, भाजली. तिसरी तव्यावर टाकली तेव्हा पलीकडून पोरांनी ताटल्या वाजवायला सुरुवात केली. तेव्हा मी उठले. कुंपणापाशी होते तेव्हा बिराप्पा पिसं उपटत होता. मी पोचले तेव्हा तो ओठ पुसत होता.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात मायाक्का मला भेटायला आली. पांढरं कपाळ, दोन्ही बाजूंना दोन नातवंडं. माझ्या हातांवरचे डाग तिनं उलटेपालटे करून पाहिले.

"कुणी सख्खं पण धावलं नसतं आक्का," ती म्हणाली. "तुमी लगोलग आला म्हणून ही दोघं ऱ्हायली."

तिनं पोरांना माझ्या पाया पडायला लावलं. मग स्वतः वाकली आणि माझ्या पायांवर डोकं टेकलं. मी पाय मागं घेतले नाहीत.